खाऱ्या पाण्याची राखण

वऱ्हाडात पाणी खारं आहे म्हणणं म्हणजे गावाचं दुखणं सांगणं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहिरीला पाणी लागलं तरी ते धड पिण्याचं नसतं, धड पिकाचंही नसतं. गोड पाण्याची नळयोजना कधी येते याची वाट बघण्यात इथल्या पिढ्या गेल्या. आणि याच वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मेहकरच्या पलीकडं, एक तळं असं आहे की त्याला गोड पाण्याचीच धास्ती आहे.

लोणार. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या दगडात, म्हणजे आपल्या नेहमीच्या बेसॉल्टमध्ये, आकाशातून आलेल्या धोंड्यानं पाडलेला १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. हा ज्वालामुखीचा की उल्केचा, यावर बराच काळ वाद चालला. १९७३ साली फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत भारतीय भूवैज्ञानिकही होते, ‘सायन्स’ नियतकालिकात पुरावा मांडला. नुसत्या उष्णतेनं होत नाहीत, प्रचंड दाबाच्या तडाख्यानंच होतात असे बदल इथल्या खनिजांत सापडले होते. वय मात्र अजून भांडणाचं आहे. एका पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसरीनं ५ लाख ७० हजार. एवढा फरक पडावा याचं मला फार कौतुक वाटतं. डोळ्यांसमोरचा खड्डा, पण तो पडताना माणसानं बघितला असेल की नाही हेही ठरत नाही.

खड्ड्याइतकंच नवल त्यातल्या पाण्याचं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. मग खार आला कुठून? पुराणकथा लवणासुर या राक्षसाकडं बोट दाखवते. रसायनशास्त्र दाखवतं बेसॉल्टकडं. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी दगडातून मुरत येताना सोडियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट थोडं थोडं विरघळवून आणतं. ही खनिजं आपल्या प्रत्येक विहिरीच्या पाण्यात असतात. फरक इतकाच, की लोणारच्या वाडग्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही. आत आलेल्या पाण्याला वर उडून जाणं हीच मुख्य वाट, आणि उडताना ते क्षार मागं ठेवून जातं. रस आटवत काकवी करावी तसा हा प्रकार हजारो उन्हाळे चालू आहे. त्यात कॅल्शियम आधी चुनखडी होऊन तळाशी बसतं, आणि वर उरतो सोडियम कार्बोनेटचा, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा, दाट अंश. म्हणून हे पाणी समुद्रासारखं नुसतं खारट नाही. ते बोटांना बुळबुळीत लागतं.

या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, एरवी १० च्या वर, १०.५ च्या आसपास मोजला गेला आहे. शुद्ध पाण्याचा ७. साडेतीनचा फरक किरकोळ वाटतो खरा, पण ही मोजपट्टी दर पायरीला दहापट चढते, तेव्हा तो फरक तीन हजार पटींहून जास्त निघतो. मासे आपल्या शरीरातला अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. इतक्या अल्कधर्मी पाण्यात ते जमत नाही आणि मासा आतल्या विषानंच मरतो. केनियातल्या मगादी या सोडा-तळ्यातल्या एका तिलापियानं यावर तोड काढली आहे. तो अमोनियाचा युरिया करून टाकतो, चक्क आपल्यासारखा! लोणारला असा कुणी हिकमती मासा नव्हता, पण त्यानं या तळ्याचं काही बिघडलं नाही.

कारण मासे नाहीत म्हणजे जीव नाही असं मुळीच नव्हे. सोडा-तळी ही पृथ्वीवरच्या सर्वांत सुपीक पाण्यांपैकी आहेत. वनस्पतींना लागणारा कार्बन इथं बायकार्बोनेटच्या रूपात अमाप असतो, तो कधी संपत नाही. त्यावर स्पायरुलिनाच्या गोतातले निळे-हिरवे सूक्ष्मजीव असे पोसतात की सगळं तळं हिरवंगार दिसतं. पाहुणे त्याला घाण समजून नाक मुरडतात. खरं तर तो हिरवा रंग तळ्याच्या तब्येतीचा आहे.

२०२० च्या जूनमध्ये तो रंग गुलाबी झाला आणि सगळं जग लोणारकडं बघू लागलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी आटून खार वाढला होता आणि खारप्रिय आर्किया, म्हणजे जिवाणूंहून निराळ्या कुळातले आदिम सूक्ष्मजीव, गुलाबी रंगद्रव्य घेऊन फोफावले होते. पुढं पावसानं पाणी पातळ झालं, ते जीव तळाशी बसले आणि रंग गेला. म्हणजे एका उन्हाळ्यात हे तळं दाखवून गेलं, की क्षाराचं प्रमाण थोडं इकडचं तिकडं झालं तर आतल्या वस्तीचा कारभारी बदलतो.

क्षार वाढला तर गुलाबी, आणि घटला तर? इथं लोणारकरांचं खरं काम सुरू होतं. गाव खड्ड्याच्या काठालाच वसलेलं. घरांचं सांडपाणी उताराला लागलं की कुठं जाणार? वर्षानुवर्षं ते तळ्याकडं उतरत राहिलं. सांडपाण्यात साबण, फॉस्फेट, मैला असतो हे तर झालंच. पण त्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट मला वाटतं ते पाणीच. प्रक्रिया करून निवळशंख केलेलं सांडपाणी इतर कुठल्या तलावात सोडलं तर टाळ्या मिळतील. लोणारच्या तळ्यात तेही गोडच, आणि गोड पाण्यानं सामू उतरतो. म्हणून नुसतं शुद्धीकरण केंद्र उभं करून इथं भागत नाही. शुद्ध झालेलं पाणीही खड्ड्याच्या पाणलोटाबाहेर न्यावं लागतं. इथं मासा दिसला तर मच्छीमारानं खूश व्हावं, तळ्याच्या राखणदारानं मात्र सामू मोजायला धावावं.

या तळ्यासाठी नागरिक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. सांडपाणी, अतिक्रमण, खड्ड्यातली शेती, वेडी बाभूळ, देवळांची पडझड असं सगळं त्या जनहित याचिकेच्या निमित्तानं कोर्टापुढं आलं. २००० मध्ये तळं आणि भोवतीचं जंगल अभयारण्य झालं होतं, त्याची देखरेख अकोल्याचा वन्यजीव विभाग करतो. २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत तळ्याचं नाव लागलं. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं. गावातली मंडळी कचरा वेचायला खाली उतरतात, त्याला कुणाच्या शिक्क्याची गरज पडत नाही.

सगळंच गोड पाणी शत्रू धरता येत नाही, हीच यातली मोठी अडचण. काठावरच्या देवळांपाशी धार बारमाही वाहते, रामगया आणि सीतान्हाणीचे झरे आहेत. यात्रेकरू त्या धारेखाली आंघोळ करतात. हे पाणी तळ्याला पूर्वापार मिळत आलं आहे. ते तोडलं तर तळं आटेल. खाली कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे, पाणी ओसरलं की उघडी पडणारी. तिच्या एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं लोक सांगतात. नाव ठेवणाऱ्यानं दोघींपैकी खारं पाणी कुणाच्या वाट्याला दिलं हे मी विचारलं नाही, घरी परतायचं होतं. पण झऱ्याचं गोड पाणी आणि तळ्याचा खार यांची हद्द किती जवळ आहे, हे ती विहीर चांगलं सांगते.

हा खार पूर्वी लोकांच्या पोटापाण्याचा होता. ‘आईन-ए-अकबरी’त मेहकर सरकारच्या नोंदीत काच आणि साबणाला लागणारं साहित्य इथं मिळतं असं लिहिलं आहे. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की काठावर जमलेला क्षार गोळा करत. त्याच्या प्रतींना डल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावं होती. तो धंदा बसला. पण त्या काळी तळं किती हटलं, क्षार किती बसला, हे बघणारे डोळे दर उन्हाळ्यात काठावर असत. आज ते काम पातळीची पट्टी आणि सामूमापक यांनी करायचं आहे, आणि एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीपुरतं नाही, दर महिन्याला. गावातल्या शाळांतली नववी-दहावीची पोरं हे सहज करू शकतील. सामू त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेच, आणि तो तीन हजार पटींनी वेगळा कुठं दिसतो हे बघायला त्यांना फक्त उतार उतरायचा आहे.