स्वेच्छेने निरपत्य



धडधाकट नवराबायको "आम्हांला मूल नको" म्हणाले, की आपण दोनच अर्थ काढतो. एक तर कोणात तरी दोष असला पाहिजे, नाहीतर माणसे आपमतलबी असली पाहिजेत. विचार करून, दोघांनी मिळून घेतलेला निर्णय, असा तिसराही अर्थ असू शकतो. त्याबद्दल आज मला बोलायचे आहे.

हे खूळ परवा परदेशातून आले, असे कोणी समजू नये. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या प्रचारापायी १९२५ साली प्राध्यापकी सोडली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांनी व मालतीबाईंनी स्वतः ठरवून मूल होऊ दिले नाही. शरीर बाईचे, तेव्हा मूल व्हावे की नाही हे ठरवण्याचा हक्कही तिचा, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. १९३४ साली त्यांच्यावरील खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९३८ साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. पण मजुरांच्या पक्षाला हा प्रश्न आपला वाटला, हे आम्ही चळवळीतल्या माणसांनी विसरू नये.

आज या वैयक्तिक कारणाला पर्यावरणाचे कारण येऊन मिळाले आहे. २०१७ साली दोन संशोधकांनी हिशेब मांडला, की श्रीमंत देशांत एक मूल कमी झाले तर वर्षाला सुमारे ५८ टन कर्बवायू वाचतो. हा आकडा एवढा मोठा कसा? मुलाच्या धुराचा निम्मा वाटा प्रत्येक पालकाच्या खाती, नातवाच्या धुराचा चौथा, अशी पुढील पिढ्यांची बेरीज त्यात आहे. भारतातला माणूस सरासरीने वर्षाला दोन टनांच्या आसपास कर्बवायू सोडतो. म्हणजे तो आकडा जसाच्या तसा जतच्या शेतमजुराला लावता येणार नाही. जत, आटपाडी, माण, खटावला टंचाई पडते ती तिथल्या आयांना मुले जास्त झाली म्हणून नव्हे. पाऊस मुळातच कमी, आणि कृष्णेचे पाणी कोणाच्या उसाला जाते, हा खरा सवाल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१९ ते २१ मध्ये महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुले होती. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. म्हणून पृथ्वीची काळजी वाटून कोणी मूल नको म्हटले तर त्याचा मान राखावा. पण तोच उपदेश गरिबाला करू नये.

आता खरी अडचण. सांगलीच्या हळद बाजारातल्या हमालाला मूल म्हणजे म्हातारपणाची काठी. पाठ वाकल्यावर पाणी कोण देणार? भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत किमान पेन्शन २०१४ साली महिना १००० रुपये ठरली, आणि कित्येक हमालांना तीही नाही. पेन्शन नसलेल्या माणसाला "मूल नको म्हणायला तू मोकळा आहेस" असे सांगणे ही थट्टा आहे. दुसरी अडचण बायकोची. निर्णय दोघांचा, पण 'वांझ' हा शब्द तिच्याच वाट्याला येतो. ओटी भरताना तिलाच वगळतात.

आपल्या सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्याला ५००० रुपये, तीन वर्षे लांबवणाऱ्याला ७५०० रुपये देण्याची योजना काढली. 'केव्हा' हा प्रश्न सरकारदरबारी विचारला गेला, चांगले झाले. 'हवे का' हा प्रश्न मात्र घरात विचारायचा राहून जातो. तो जन्माआधी विचारला नाही, तर जन्मानंतर विचारला जातो, आणि तो मुलीला. याच सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींची नावे समारंभाने बदलावी लागली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून घरच्यांनी त्यांना 'नकुसा', 'नकुशी' म्हटले होते.

जे जोडपे मूल नको म्हणते, ते कोणाही जिवाला नकोसे करत नाही. आणि ज्यांना मूल हवे आहे, त्यांनी ते मनापासून हवे असेल तेव्हाच आणावे. दोघांचाही हक्क एकच आहे. तो सर्वांना वापरता यावा यासाठी म्हाताऱ्याला पेन्शन आणि बाईला मान, एवढे आपण मिळवले पाहिजे.