समुद्रपातळीखालच्या वाटा

चढ नसलेल्या मुलुखात सायकल चालवणे सोपे असते, हा समज नेदरलँड्सच्या उत्तर हॉलंड प्रांतात एका दुपारीच मावळतो. घाटाचा माथा दिसतो, त्यामुळे दम किती राखायचा याचा अंदाज बांधता येतो. सपाट प्रदेशातल्या समोरच्या वाऱ्याला माथा नसतो, आणि मैलोन्‌मैल आडोसा नसल्याने तो तासन्‌तास त्याच जोराने छातीवर येत राहतो. येथे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणून जाणते लोक नकाशा उघडण्याआधी हवामानाचा अंदाज पाहतात, दक्षिणेकडून उत्तरेच्या किंवा ईशान्येच्या दिशेने निघतात आणि परतीला आगगाडी धरतात.

येथे ज्या सहलीचे निरीक्षण मांडले आहे ती साठी ओलांडलेल्या एका डच दांपत्याची आहे. ॲमस्टरडॅमपासून उत्तरेला वीरिंगरमेर हा प्रदेश सुमारे ६० किलोमीटरवर आहे आणि दणकट सायकलस्वाराला ते अंतर एका दिवसाचे आहे. या दोघांनी मात्र ते रमतगमत, वाटेत मुक्काम करत कापले, कारण १९४५च्या हिवाळ्यात पत्नीची आई, त्या वेळी एकोणीस वर्षांची, याच दिशेने अन्नाच्या शोधात सायकलवरून गेली होती आणि घरात वर्षानुवर्षे सांगितली गेलेली ती वाट प्रत्यक्ष जमिनीवर ताडून पाहावी असा पत्नीचा हेतू होता.

वाट शोधण्याची आजची पद्धत आकड्यांवर चालते. सायकलमार्ग जेथे एकमेकांना छेदतात अशा प्रत्येक नाक्याला एक क्रमांक दिलेला असतो, नाक्यावर आसपासचा नकाशा लावलेला फलक असतो, आणि तेथून पुढे प्रत्येक वळणावर हिरव्या रंगातला पुढचा आकडा व बाण असलेली लहानशी पाटी दिसत राहते. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधील लिम्बर्ग प्रांतातली. ह्यूगो बॉलन या खाण अभियंत्याने ती मांडली, आणि जमिनीखालच्या बोगद्यांत दिशा चुकू नये म्हणून फाट्यांना क्रमांक देण्याची खाणीतली रीत त्यामागे होती; १९९५मध्ये तिकडे पहिले जाळे खुले झाले आणि पुढे ते नेदरलँड्सभर पसरले. रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावर पती त्या दिवसाचे आकडे एका अरुंद कागदी पट्टीवर एकाखाली एक लिहितो, पट्टी हँडलवरच्या प्लास्टिकच्या खिशात सरकवतो आणि गावांची नावे न विचारता दिवसभर पुढे जात राहतो. या पद्धतीची सोय निर्विवाद आहे, पण तिच्यामुळे गाव कोणते ते लक्षात न येता मागे पडते हेही खरे; त्यामुळे पत्नीचा भर जुन्या खुणांवर, विशेषतः ‘पॅडनस्टूल’ म्हणजे अळंबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठेंगण्या दिशादर्शकांवर असतो. सायकलस्वारांचा संघ म्हणून १८८३मध्ये स्थापन झालेली ‘एएनडब्ल्यूबी’ या संस्थेने १९१९पासून ते बसवायला सुरुवात केली. गुडघ्याएवढ्या उंचीच्या त्या खांबाच्या उतरत्या डोक्यावर चारी बाजूंना गावांची नावे आणि अंतरे असतात, आणि ती वाचायला सायकलवरून उतरून थोडे वाकावे लागते.

ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकामागून आय नावाचा रुंद जलमार्ग ओलांडणारी फेरीबोट पादचाऱ्यांना आणि सायकलस्वारांना फुकट पलीकडे नेते, आणि अर्ध्या तासात शहर संपून वाटरलांड या कुरणांच्या भागात प्रवेश होतो. येथली जमीन पीटची आहे, म्हणजे दलदलीतल्या वनस्पती हजारो वर्षे अर्धवट कुजून तयार झालेल्या मऊ, काळपट थरांची. असा थर कोरडा पडला की त्याला हवा लागते, तो हळूहळू विघटित होतो आणि जमीन खचते. म्हणून चरांतले पाणी गवताच्या जवळजवळ काठोकाठ ठेवतात. पुढे बेमस्टर या भागात शिरताच हेच चर खोल गेलेले दिसतात, कारण तेथे तळाशी समुद्राची चिकणमाती आहे आणि ती पिकांसाठी कोरडी राखता येते. मोटारीच्या खिडकीतून हा फरक सहसा निसटतो. सायकलवर मात्र डोळे चराच्या काठापासून हातभर अंतरावर असतात.

बेमस्टर हे एके काळी सरोवर होते. ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी भांडवल घातले, यान आद्रियान्सझोन लेखवाटर या पवनचक्क्यांच्या कारागिराचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले, आणि १६१२मध्ये तळ उघडा पडला. अशा, बांधाने वेढून पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीला पोल्डर म्हणतात. पद्धत अशी की प्रथम सरोवराभोवती कालवा खणायचा, त्याच मातीचा बांध घालायचा, मग पवनचक्क्यांनी आतले पाणी उचलून कालव्यात टाकायचे. एक चक्की दीडेक मीटरच उचलू शकत असल्याने खोल सरोवराला चक्क्या पायऱ्यांप्रमाणे एकामागून एक लावाव्या लागत, खालचीने वरचीच्या हौदात पाणी द्यायचे आणि वरचीने कालव्यात. गोव्यातील खाजण शेती पाहिलेल्या वाचकाला भरतीच्या पातळीखालची शेते, भोवतीचा बांध आणि गावकऱ्यांनी सामाईक करायची त्याची डागडुजी हे सारे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की खाजणाचा मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा, ओहोटीच्या बळावर शेत रिकामे करतो, तर पोल्डरचे पाणी सतत उचलावेच लागते. बेमस्टरची जमीन समुद्रपातळीपेक्षा सुमारे साडेतीन मीटर खाली आहे. बांधावरच्या सायकलमार्गावरून जाताना एका हाताला कालव्यात बोट चाललेली असते आणि दुसऱ्या हाताला, त्या बोटीच्या तळाहूनही खाली, गायी चरत असतात. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी सवयीचे होत नाही, आणि ते ज्यांच्या श्रमावर टिकून आहे त्या जलव्यवस्थापन मंडळांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. मध्ययुगापासून चालत आलेल्या या मंडळांच्या आजही स्वतंत्र निवडणुका होतात आणि त्यांचा करही वेगळा भरावा लागतो.

दोघांनी मिळून लांब पल्ला चालवणे हीही एक रीत आहे. नेदरलँड्समध्ये दोन सायकलींना शेजारी शेजारी चालण्याची कायद्याने मुभा आहे, त्यामुळे वारा पाठीशी असेपर्यंत संभाषण चालू राहते. रस्ता वळून वारा समोर आला की बोलणे आपोआप थांबते, एकजण पुढे होतो आणि दुसरा त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून त्याच्या आडोशाने येतो. पुढच्याने खड्डा दिसला तर हात खाली करून दाखवायचा, वेग एकदम कमी करायचा नाही, आणि दम लागण्याआधीच बाजूला होऊन मागच्याला पुढे जाऊ द्यायचे. या दांपत्यात पती उंच असल्याने त्याच्या मागे आडोसा चांगला मिळतो. पत्नीच्या मागे त्याला वाकून चालवावे लागते, तरी पाळी मात्र काटेकोरपणे पाळली जाते. सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत असते, जड वस्तू तळाशी आणि दोन्हीकडे सारख्या वजनाच्या, नाहीतर आडव्या वाऱ्यात सायकल एका अंगाला ओढते.

पत्नीच्या माहेरी सायकलीशी निगडित एक वस्तू जपून ठेवलेली आहे. नेदरलँड्समध्ये १९२४ ते १९४१ या काळात सायकलीवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूची लहान पट्टी दिली जात असे. बेकारांना ती विनामूल्य मिळे, पण तिला मधोमध गोल भोक पाडलेले असे, ज्यामुळे सायकल बेकाराची आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळावे. तिच्या आजोबांची, १९३०च्या दशकात काम गेलेल्या गोदी कामगाराची, पट्टी भोक असलेली आहे. ते भोक हाताच्या बोटाला आजही जाणवते, आणि गरिबाला मदत देतानाच त्याला खूण करून ठेवण्याची ही राज्यकारभाराची रीत क्रूर होती, असेच म्हटले पाहिजे.

त्याच आजोबांच्या सायकलीवरून त्यांची मुलगी १९४५च्या फेब्रुवारीत निघाली. जर्मन सैन्याने सायकली जप्त करण्याचा सपाटा लावलेला असल्यामुळे ती लपवून ठेवलेली होती, रबर मिळत नसल्यामुळे टायरच्या जागी बागेतल्या नळीचे तुकडे तारेने आवळलेले होते. सप्टेंबर १९४४मध्ये दोस्त सैन्याच्या मदतीसाठी डच रेल्वे कामगारांनी संप केला, त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडील शहरांचा अन्नपुरवठा काही आठवडे तोडला, पुढे कालवे गोठले, आणि ‘भुकेचा हिवाळा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या काळात सुमारे २०,००० माणसे मेली. शहरातले लोक चादरी, घड्याळे, दागिने घेऊन खेड्यांकडे निघत आणि त्यांच्या बदल्यात बटाटे, राय नावाचे धान्य, कडधान्ये मागत. मुलीजवळ लिननच्या दोन चादरी होत्या, तिच्या आईच्या लग्नातल्या.

घरातल्या कथेप्रमाणे एका शेतकऱ्याने तिला राय दिली आणि त्याच घरात ती उंच छपराखाली, चार जाड खांबांच्या मध्ये रचलेल्या गवतावर झोपली; ते घर वीरिंगरमेरमध्ये होते. बेमस्टरमध्ये एका शेतघरात मुक्काम करताना दांपत्याने हे वर्णन डोळ्यांनी पाहिले. उत्तर हॉलंडमधील ‘स्टोल्प’ या पारंपरिक शेतघराची रचना अशीच असते: मध्यभागी चार खांबांचा चौक, त्यात थेट छपरापर्यंत गवताची रास, आणि त्या राशीभोवती एकाच पिरॅमिडसारख्या छपराखाली माणसे व गुरे. वीरिंगरमेर मात्र १९३०मध्ये कोरडे झालेले नवे पोल्डर आहे, तेथली घरे सरकारी आराखड्यानुसार नव्या पद्धतीने बांधली गेली. तेव्हा आई झोपली ती जागा जुन्या पोल्डरमधली आणि राय मिळाली ती नव्या पोल्डरमधली असण्याचाच संभव जास्त. साठ वर्षे सांगता सांगता दोन घरांचे एक झाले. आठवण सांगणाऱ्याला वाट सलग वाटते, जमीन मात्र तिचे तुकडे दाखवते. पत्नीने त्या रात्री वहीत दोन घरे वेगळी लिहून घेतली, आणि रात्री आसरा देणाऱ्या शेतकऱ्याचेही ऋण आपल्या कुटुंबावर आहे हे त्यामुळे प्रथमच नोंदले गेले.

वीरिंगरमेरमध्ये ते दुसरे घर सापडणे शक्य नव्हते. १७ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला तीन आठवडेही उरले नसताना, जर्मन सैन्याने आयसेलमेर सरोवराकडचा बांध सुरुंग लावून दोन ठिकाणी फोडला. रहिवाशांना आधी सूचना मिळाल्याने माणसे वाचली, पण दोन दिवसांत पोल्डर भरले आणि पुढच्या वादळी लाटांनी बहुतेक इमारती मोडल्या. बांध ऑगस्टमध्ये दुरुस्त झाला, डिसेंबरपर्यंत पाणी पुन्हा उपसले गेले. जेथे पाणी आत घुसले तेथे इतके खोल डोह पडले की ते बुजवण्याऐवजी नवा बांध त्यांना वळसा घालून बांधला. सरळ रेषेत येणारा सायकलमार्ग तेथे अचानक बाकदार होतो आणि आतल्या बाजूला डोहांभोवती लावलेले जंगल लागते.

बांधाच्या उत्तर टोकाला डेन उव्हर येथे लेमान्स हे उपसा केंद्र आहे; मेडेम्ब्लिकच्या लेली केंद्रासह त्याच्या पंपांनी हे पोल्डर १९३०मध्ये पहिल्यांदा आणि १९४५मध्ये दुसऱ्यांदा कोरडे केले. तेथून दांपत्य पश्चिमेला आगगाडीच्या स्थानकाकडे वळले, कारण सायकलवरून परतताना नैर्ऋत्येचा वारा थेट तोंडावर आला असता. सायकलीचे वेगळे तिकीट काढावे लागते आणि कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी सायकल डब्यात घेता येत नाही, म्हणून त्यांनी दुपारची गाडी निवडली. आईच्या वेळी या भागातल्या साध्या माणसाला आगगाडी उरलेली नव्हती. रायचे पोते कॅरिअरवर बांधून तिने हेच अंतर नळीच्या टायरांवर मागे कापले, आणि वाटेत अन्न हिसकावून घेणाऱ्या तपासनिसांना चुकवण्यासाठी बांधाखालच्या शेतवाटा धरल्या. त्यांतल्या काही वाटांवर आज क्रमांकांच्या पाट्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात परतीचा तो भाग, वारा समोर असला तरी, उत्तरेकडून दक्षिणेकडे चालवायचे दोघांनी ठरवले आहे.