पद्मिनी घाटात का बंद पडायची

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढून आलेली फियाट खंडाळ्यात बॉनेट उघडून उभी आहे, हे दृश्य एकेकाळी इतकं सवयीचं होतं की तिला काय झालं असं कुणी विचारत नसे. गाडी तापली, एवढं उत्तर सगळ्यांना पुरायचं. पण या तापण्यामागे दोन निरनिराळे बिघाड असत. एकात रेडिएटरचं पाणी उकळायचं, दुसऱ्यात पेट्रोल.

पेट्रोलचं उकळणं अधिक फसवं. या फियाटचा, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी झालेल्या गाडीचा, पेट्रोल पंप इंजिनाच्याच अंगाला बसवलेला, कॅमशाफ्टच्या रेट्यावर चालणारा. टाकी मागे. तिथून लांब नळीतून पेट्रोल ओढून आणायचं, म्हणजे नळीतला दाब कमी होणार, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक तर ऐन उन्हाळ्याच्या तापमानातच वाफ व्हायला लागतात. पंपाचा पडदा द्रव ढकलू शकतो, वाफ नुसती दाबली जाते. त्यामुळे चढ संपवून चहासाठी थांबलेली गाडी पुन्हा सुरूच होत नसे: पंखा थांबला, वारा थांबला, इंजिनाची सगळी धग पंपात शिरली. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. ओलं फडकं पंपावर आणि नळीवर ठेवायचं आणि थांबायचं, हा ड्रायव्हरांचा उपाय शास्त्राला धरून होता.

रेडिएटरचं कारण सरळ आहे. पंखा पट्ट्यावर, इंजिनाच्या वेगाने फिरणारा. घाटात ट्रकमागे रांगताना मेहनत जास्त आणि वारा कमी. त्यात वर्षानुवर्षं विहिरीचं नाहीतर बोअरचं जड पाणी ओतल्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार साठलेले. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, आणि आत सहा माणसं, वर कॅरिअरवर ट्रंका.

ही गाडी मुळात आखली गेली तुरीनमध्ये. फियाट ११०० चं ते नवं रूप १९५३ साली आलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते कुर्ल्यात बांधायला घेतलं. पुढची दारं उलटी उघडणारी ती जुनी गाडी मुंबईकरांची ‘डुक्कर फियाट’. १९६४ साली डिलाइट आली, आणि तिचाच सांगाडा पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावांनी विकला गेला. इटलीत ११०० चा काळ १९६९ मध्ये संपला. कुर्ल्यातून ती शतक सरत येईपर्यंत बाहेर पडत होती.

पावसाळ्यातली तक्रार वेगळी. सकाळी स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दमट हवेचं पाणी धरलेलं असतं, कॅपला केसाएवढी चीर असली तर करंट प्लगपर्यंत न जाता तिथेच उतरतो. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसली, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवला की बहुतेक वेळा काम भागे. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की चारही चाकांचे ड्रम ब्रेक ओले होत आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढायची. जाणते ड्रायव्हर पाण्याबाहेर आल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जात. घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकतात.

स्टिअरिंगवरच्या गिअरबद्दल मात्र मला कारखान्याला माफ करता येत नाही. तो तिथे असण्यात फायदा होता, हे मान्य. पुढे एकसंध सीट बसली आणि तिसरा माणूस मावला, कुटुंबाला तेच हवं होतं. पण दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळया आणि सांध्यांची साखळी जाते. प्रत्येक सांध्यातला बुश थोडा झिजला की सगळ्यांची ढिलाई एकत्र जमते, आणि एके दिवशी भर सिग्नलवर गिअर दोन खाचांच्या मध्ये अडकतो. मग बॉनेट उघडून सळई हाताने जागेवर आणायची. हा दोष हवामानाचा नव्हता, उतार-चढावाचाही नव्हता. तो माहीत होता आणि पिढ्यान् पिढ्या तसाच विकला गेला, कारण गाडीसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत होते. समोर पर्याय म्हणजे ॲम्बेसेडर नाहीतर स्टँडर्ड. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा कुठे ग्राहकाच्या तक्रारीला वजन आलं. दारांच्या खालच्या कडा आणि पायाखालचा पत्रा समुद्राच्या हवेने सडायचा, तेही त्याच बेफिकिरीत बसतं.

या उणिवा भरून काढल्या त्या गॅरेजवाल्यांनी. गाडीतलं सगळं उघडं, हात पोहोचेल असं, चार पान्यांत खुलणारं. आवाज ऐकून ‘मिसिंग’ कुठल्या प्लगवर आहे हे सांगणारे कारागीर या गाडीवर तयार झाले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तर तिच्यात सीएनजी बसवला आणि व्हेपर लॉकचा प्रश्नच मिटला, कारण इंधन आधीपासूनच वायू. बदल्यात पिकअप गेला, वायू सिलिंडरमधली हवेची जागा खातो. डिकीही गेली, तिथे गॅसची टाकी आली, म्हणून प्रवाशांच्या बॅगा टपावर. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

ज्यांनी घरची पद्मिनी आजही जपली आहे, त्यांच्यापुढे आता पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलचा प्रश्न आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीत गंज धरतो, आणि जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं किंवा चिरतं. पंपाचा पडदा आणि सगळे होज इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नये. नळी गळायला लागल्यावर बदलू, असं म्हणून चालणार नाही, कारण ती गळते ती तापलेल्या इंजिनाशेजारी.