पाव फेऱ्याची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातला नळ मुळातून तुटला. घरात पाण्याचे तळे साचत होते आणि मी गच्चीवर टाकीखालच्या पितळी बॉल व्हॉल्व्हची दांडी ओढत होतो. ती हलेना. नऊ वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. टाकी रिकामी झाली तेव्हाच पाणी थांबले. तेव्हापासून मी या मूठभर वस्तूचा मागोवा घेऊ लागलो.

तिची कल्पना जुनी आहे. रोमन लोक नळकामात कांस्याच्या तोट्या वापरत. तोटीत आडवे भोक पाडलेला खुंटा असे. भोक नळीच्या रेषेत आले की पाणी वाहे, पाव फेरा दिला की थांबे. आजच्या व्हॉल्व्हमध्ये खुंट्याच्या जागी गोळा आहे, एवढेच.

मग गोळ्याचा व्हॉल्व्ह रुळायला विसावे शतक का उजाडावे लागले? अडचण गोळ्याची नव्हती, त्याच्या बैठकीची होती. धातूवर धातू घासला की झीज होते, गळती लागते; घट्ट बसवावे तर दांडी फिरत नाही. १९३८ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट यांच्या सिलिंडरमधून वायू बाहेर येईना. सिलिंडर कापला, तर आत पांढरी मेणचट भुकटी निघाली. तेच टेफ्लॉन. गुळगुळीत आणि बहुतेक रसायनांना दाद न देणाऱ्या या पदार्थाच्या कड्या महायुद्धानंतर गोळ्याच्या दोन्ही अंगांना बसल्या आणि प्रश्न सुटला.

पाणी, हवा, गॅस, तेल सगळ्यांना गोळा चालतो. पण आतल्या रिंगा आणि प्रमाणपत्र वेगवेगळे असते. पाण्याचा व्हॉल्व्ह गॅसला लावू नये. तो अर्धवट उघडाही ठेवू नये. वेगाच्या धारेने कड्या झिजतात. झटक्यात मिटला तर धावत्या पाण्याचा दणका नळीला बसतो.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. काही प्रकारच्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते, मागे सच्छिद्र तांबे उरते. वरून धडधाकट दिसणारा व्हॉल्व्ह आतून ठिसूळ होतो. कातकाम सोपे व्हावे म्हणून पितळात शिसेही घालतात. पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या भागांत ते सरासरी ०.२५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम अमेरिकेत २०१४पासून लागू आहे.

आमची दांडी मात्र अडली होती ती बोअरच्या जड पाण्यामुळे. न फिरणाऱ्या गोळ्यावर क्षार धरत गेले होते. दांडी नळीच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद, हे लांबूनही दिसते. ती फिरेल की नाही, हे मात्र फिरवल्याशिवाय कळत नाही. दिवाळीआधी आपण पितळी भांडी चिंचेने घासतो. त्याच दिवशी गच्चीवर जाऊन ही दांडीही एकदा हळूच मिटून उघडावी.