प्रतीची राखण

मानवत हे परभणी जिल्ह्यातील कापसाच्या व्यापाराचे गाव. तेथील आडतीचा हिशेब पूर्वी रोजकीर्दीत आणि खतावणीत लिहिला जाई; आता तेच काम बहुतांशी संगणकावर होते. वहीत खोडलेला आकडा निदान खोडलेला दिसे. संगणकातून पुसलेली फाईल मात्र सहसा डोळ्यांना दिसेल अशी खूण मागे ठेवीत नाही.

म्हणून सुज्ञ मनुष्य माहितीची दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवतो. मूळ बदलले की प्रतही आपोआप बदलावी, अशी योजना करता येते. सोय मोठी खरी, तथापि धोका तिच्यातच आहे. यंत्राला बदल कळतो, चूक कळत नाही. मूळ फाईल चुकून पुसली गेली, तर ते प्रतीतूनही ती इमानाने पुसून टाकते! दिशा उलटी दिली, तर जुनी माहिती नवीवर चढते.

लेखनिकांच्या हातून ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. १५८४ साली संत एकनाथांनी पैठणास त्या ग्रंथाचे शुद्धीकरण केले. ताडून पाहण्यास निरनिराळ्या प्रती उरल्या होत्या, म्हणूनच ते साधले.

संगणकातही कालच्या प्रतीवर आजची चढवू नये. तारखा घालून काही दिवसांच्या प्रती निराळ्या ठेवाव्यात. काम होताच डिस्क संगणकापासून सोडवावी, म्हणजे विजेचा झटका वा विषाणू तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आगीचे भय असते, म्हणून एक प्रत दुसऱ्या घरी असावी. आणि महिन्यातून एकदा प्रतीतील एखादी फाईल उघडून, तिच्यातील आकडा कागदी पावतीशी ताडून पाहावा.