बॅटरी नवी, तरी गाडी का चालेना?

रविवारच्या मिस्सेनंतर अंबरपेठेतील एक शेतकरी बंधू चर्चच्या आवारात थांबून राहिले. घटकेसरच्या बाजूला त्यांचा भाजीचा मळा आहे. मेथी-पालकाच्या जुड्या पहाटे बाजारात नेणारी त्यांची छोटी पिकअप दारात उभी होती. बॅटरी बसली म्हणून त्यांनी नवी आणली, दोन दिवस गाडी चालली आणि तिसऱ्या पहाटे सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’ असा आवाज! भाजी घरातच सुकली. दुकानदाराचे म्हणणे असे की याहून मोठी बॅटरी घ्या. ‘फादर, घेऊ का?’ असे त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘थांबा, आधी मीटर आणा.’

आपण शेतकऱ्यांना ही गोष्ट समजण्यास सोपी आहे. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. इंजिन सुरू असताना ती भरणारा पंप म्हणजे अल्टरनेटर, ज्याला आपल्यातील पुष्कळजण अजून डायनॅमोच म्हणतात. तारा म्हणजे पाइप. पाइपात गाळ बसला असेल किंवा पंपच चालत नसेल, तर टाकी बदलून काय उपयोग?

म्हणून पहिले काम मोजण्याचे. साधा मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलांना लावावा. गाडी रात्रभर उभी असेल तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आली. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. तो साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी भरलेली नाही किंवा तिच्यात दोष आहे. इंजिन सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. तो १२.५ वरच राहिला तर नव्या बॅटरीला बोल लावू नये. अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि चार्जिंगच्या लाल दिव्याकडे वळावे. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागलाच पाहिजे. काही जुन्या गाड्यांत तो छोटा बल्ब गेला तरी चार्जिंग बंद पडते.

या बंधूंच्या गाडीत बॅटरी ठीक होती आणि अल्टरनेटरही. दोष सापडला अर्थच्या तारेत. मीटरचे एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलला आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारला. येथे आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट आला तरी तार किंवा जोड खराब समजावा. आमचा आकडा दीडच्या वर गेला! चॅसिसवरचा बोल्ट उघडला तर आत हिरवट-पांढरी बुरशी. या जोडातून सेल्फला पुरता प्रवाह मिळत नव्हता आणि चार्जिंगही अपुरे होत होते. नव्या बॅटरीच्या जोरावर दोन दिवस निभावले, एवढेच. पॉलिश पेपरने जागा घासली, बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन लावले. गाडी सुरू झाली.

मुसीकाठी राहणाऱ्यांनी हा जोड मुद्दाम पाहावा. ऑक्टोबर २०२० च्या पुरात मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेला होता, हे सर्वांना आठवत असेल. असे पाणी लागलेल्या गाडीचा गंज तारांच्या जोडांत पुढे महिनोन्‌महिने आतल्या आत वाढत राहतो.

बॅटरी बदलतानाच होणाऱ्या चुकाही कमी नाहीत. काही बॅटऱ्यांचे टर्मिनल बारीक असते, काहींचे जाड. जाड टर्मिनलचा क्लॅम्प बारकावर घातला तर तो हाताने फिरतो. दिवे लागतात, पण सेल्फ उचलत नाही. बॅटरीवर ३८बी२०एल असे काही लिहिलेले असते. शेवटच्या ‘एल’ किंवा ‘आर’ वरून टर्मिनलांची बाजू कळते. जुन्या बॅटरीवर जे अक्षर असेल तेच घ्यावे, नाही तर तारा ओढूनताणून उलट्या लागण्याचा धोका असतो. तारा उलट लागल्या की मुख्य फ्यूज उडतो आणि पुष्कळदा अल्टरनेटरचे डायोडही जातात. गाडी अगदीच मेल्यासारखी झाली तर हा फ्यूज प्रथम पाहावा.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. बहुधा मागाहून बसवलेला टेप किंवा हॉर्न सापडतो. सर्व बंद करून फ्यूज एकेक काढून पाहिले की चोर हाती लागतो. नव्या मोटारींत मात्र बॅटरी बदलल्यावर इंजिन काही वेळ वरखाली होते, रेडिओ कोड मागतो, काचा आपोआप वर जात नाहीत. तो बिघाड नव्हे. गाडीची आठवण पुसली गेलेली असते.

एक खोड आपल्याकडील मेकॅनिक मंडळींना फार आहे. डायनॅमो तपासायचा म्हणून ते चालू इंजिनात बॅटरीची तार काढतात. असे करू देऊ नये. व्होल्ट एकदम उसळतात आणि आतील इलेक्ट्रॉनिक्स जळते.

तार काढताना आधी वजा, मग अधिक. लावताना आधी अधिक, शेवटी वजा. म्हणजे पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ बिडी नको. अॅसिड डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात सोडा घालू नये. खाण्याचा सोडा टर्मिनल धुण्यासाठी.

आणि काढलेली जुनी बॅटरी? या बंधूंनी ती गोठ्यात ठेवली होती, शिसे वितळवून विकावे म्हणून. मी त्यांना सेनेगल देशातील थियारोय-सुर-मेर या वस्तीची गोष्ट सांगितली. तेथे जुन्या बॅटऱ्यांचे शिसे काढण्याचा धंदा घराघरांजवळ चाले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली. शिशाची धूळ जमिनीत, हातांवर, कपड्यांवर बसते आणि लहान मुलांच्या मेंदूवर थेट घाला घालते. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानात जुनी दिल्यावर नवीच्या किमतीत सूटही मिळते. त्यांनी ती सोमवारी नेऊन दिली. आठवडाभर ती जेथे पडली होती तेथील माती खरवडून काढली आणि नातवंडांना तिकडे खेळण्यास मनाई केली.