किमान शिलकेचा दंड आणि खातेदाराचा हक्क

पासबुकात कधी पन्नास, कधी शंभर रुपयांची वजावट दिसते. शेरा असतो किमान शिलकेच्या दंडाचा. रक्कम लहान म्हणून खातेदार गप्प राहतो. तथापि अशी प्रत्येक आकारणी नियमास धरून असतेच असे नाही.

व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेले यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. बचत खात्यातील शिल्लक कमी झाल्यास बँकेने तसे खातेदारास कळवून ती भरून काढण्यास किमान एक महिन्याची मुदत द्यावयाची असते. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, सरसकट नव्हे. केवळ दंडापायी खाते उणे शिलकेत जाता कामा नये. निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर तर हा दंड लावताच येत नाही.

परताव्यासाठी शाखेकडे लेखी अर्ज करावा. त्यात वजावटीच्या तारखा व रकमा द्याव्यात आणि पूर्वसूचना केव्हा, कोणत्या मार्गाने पाठविली, हे अवश्य विचारावे. अर्जाचा खरा भर याच प्रश्नावर असावा. पोच घेण्यास विसरू नये. तोंडी आश्वासन पुढे कामी येत नाही.

३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास अथवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन किंवा टपालाने तक्रार करता येते. तीस शुल्क नाही. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही १ नोव्हेंबर २०२५ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.